एक अक्षर गळलं आणि भाताची मुळं उथळ राहिली: मुळांची दिशा ठरवणाऱ्या जनुकाची गोष्ट

भाताची दोन रोपं शेजारी शेजारी उभी आहेत. उंची सारखी, फुटवे सारखे, पानांचा रंग सारखा. बांधावरून बघणाऱ्याला दोन्ही एकाच वाणाची वाटतील, आणि जवळजवळ तशी ती आहेतही. मग पाऊस ओढ देतो. जमीन भेगाळते. काही आठवड्यांनी एका रोपाच्या लोंब्या पोचट निघतात. दुसऱ्याच्या लोंब्यांत मात्र दाणा भरलेला असतो.

वरून कितीही निरखलं तरी याचं कारण सापडणार नाही, कारण ते जमिनीखाली आहे. पहिल्या रोपाची मुळं वरच्या थरातच आडवी पसरली होती. दुसऱ्याची मुळं उभी खाली गेली होती, जिथे अजून ओल शिल्लक होती. आणि पहिल्याची मुळं आडवी का पसरली? तर भाताच्या डीएनएमध्ये साधारण 39 कोटी अक्षरं असतात, त्यातलं एक अक्षर त्याच्या एका जनुकातून गळालेलं होतं.

हे काम जपानी शास्त्रज्ञ युसाकू उगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. (आडनाव उगा असलं तरी काम उगाच केलेलं नाही, हे पुढे कळेलच.) पण तिथवर जायच्या आधी एक साधा प्रश्न सोडवू. मातीतल्या काळोखात मुळाला 'खाली' कुठे आहे हे कळतं तरी कसं?

मटकीच्या मोडाला दिशा कोण सांगतं?

फडक्यात बांधलेल्या मटकीचे मोड कसेही वेडेवाकडे येतात, कारण तिथे दाणे एकमेकांना रेटत असतात. पण तोच मोड आलेला एखादा दाणा काचेचा ग्लास आणि ओला टिश्यू पेपर यांच्यामध्ये अडकवून ठेवा. मोड खाली निघेल. आता ग्लास आडवा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, मोडाने काटकोनात वळण घेऊन पुन्हा खालची वाट धरलेली असेल. ग्लास अंधाऱ्या कपाटात ठेवला तरी हेच होतं. म्हणजे हा उजेडाचा खेळ नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे.

चार्ल्स डार्विन यांनी म्हातारपणी मुलगा फ्रान्सिसला सोबत घेऊन अशाच कोवळ्या मुळांवर भरपूर प्रयोग केले. 1880 साली आलेल्या 'द पॉवर ऑफ मूव्हमेंट इन प्लांट्स' या पुस्तकात ते सगळे नोंदवलेले आहेत. मुळाच्या टोकाचा अगदी लहानसा तुकडा कापला तर मूळ वाढत राहतं, पण वळायचं विसरतं, असं त्यांच्या लक्षात आलं. वळण तर टोकाच्या थोडं वर पडतं. मग दिशा एका जागी कळत असेल आणि वळायचं काम दुसऱ्या जागी होत असेल, तर मधे काहीतरी निरोप जात असणार.

तो निरोप कसा जातो हे आज बऱ्यापैकी माहीत झालंय. मुळाच्या टोकावर मूलटोपी असते हे आपण शाळेत शिकलोय. या टोपीतल्या काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की हे कण पेशीच्या नव्या तळाकडे घसरतात, बाटली आडवी केल्यावर आतले खडे घसरावेत तसे. त्यानंतर या पेशी ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त सोडतात. मुळात ऑक्सिन जास्त झालं की पेशींचं लांब होणं मंदावतं. खालची बाजू हळू वाढते, वरची भरभर वाढते. बैलगाडीचं एक चाक अडलं की गाडी त्याच बाजूला वळते, तसं मूळ खाली वळतं.

एक दुवा बरीच वर्षं निसटलेला होता. स्टार्चचे कण घसरले, ठीक. पण ते घसरले ही बातमी पेशीच्या पटलापर्यंत पोचवतं कोण? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचं उत्तर आलं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात 'लेझी' कुळातली प्रथिनं या कणांवर बसलेली सापडली. कण तळाशी पोचले की ही प्रथिनं त्यावरून उतरून जवळच्या पेशीपटलाला चिकटतात आणि ऑक्सिन कुठल्या बाजूने बाहेर जाईल हे तिथून ठरतं. 'लेझी' म्हणजे आळशी. या कुळातलं एक जनुक बिघडलेला भात ताठ उभा न राहता जमिनीवर पसरतो, म्हणून हे नाव पडलं. हे आळशी कूळ लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

जनुक मूळ 'घडवतं' म्हणजे नक्की काय करतं?

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. मुळाच्या पेशीत मुळाची जनुकं आणि पानाच्या पेशीत पानाची जनुकं असं काही नसतं. रोपाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. फरक पडतो तो कुठलं जनुक कुठे चालू आहे आणि किती जोरात चालू आहे यावरून.

उदाहरणार्थ, 'प्लेथोरा' नावाची काही जनुकं मुळाच्या टोकाशी सगळ्यात जोरात चालतात. तिथून वर जावं तसं त्यांच्या प्रथिनांचं प्रमाण उतरत जातं. जिथे प्रमाण भरपूर, तिथे पेशी मूळपेशी म्हणून राहतात. मध्यम असेल तिथे त्या भराभर विभागतात. कमी झालं की विभागणं थांबवून लांब व्हायला लागतात. शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिसच्या बीजातल्या गर्भात हीच जनुकं भलत्या जागी चालू करून पाहिली, तर जिथून कोंब यायचा तिथे मुळाची लक्षणं दिसायला लागली.

दुसरी जोडी तर मला फारच आवडते. मुळाच्या आत एक पेशींचं कडं असतं. मातीतून आलेल्या पाण्यातलं काय आत सोडायचं आणि काय नाही, हे तिथे ठरतं. हे कडं एकाच थराचं असतं. दोन नाही, तीन नाही, बरोबर एक. ते कसं जमतं? 'शॉर्ट-रूट' नावाचं प्रथिन मुळाच्या गाभ्यात तयार होतं आणि तिथून बाहेरच्या थरात शिरतं. त्या थरात 'स्केअरक्रो' नावाचं दुसरं प्रथिन असतं. ते शॉर्ट-रूटला पकडून पेशीच्या केंद्रकात अडकवतं, पुढच्या थरात जाऊच देत नाही. जिथे पकडलं गेलं, तिथे कडं बनतं. स्केअरक्रो कमी पडलं तर शॉर्ट-रूट पुढे निसटतं आणि एकाऐवजी जास्त थर तयार होतात. इथे कुठेही नकाशा नाही, मुकादम नाही. एक प्रथिन निघालंय आणि दुसऱ्याने त्याला दारातच धरलंय, एवढ्यावर काम चाललेलं आहे.

चहाच्या गाळणीसारखी टोपली आणि खोल जाणारी मुळं

आता पुन्हा भाताकडे. उगा यांच्या गटापुढे अडचण अशी होती की मुळं बघायची कशी? उपटली तर तुटतात, धुतली तर त्यांचा कोन जातो. म्हणून त्यांनी तारेच्या जाळीच्या, गाळणीसारख्या गोल टोपल्या घेतल्या. टोपलीत माती भरून मधोमध भात लावला. मुळं वाढली की जाळीतून बाहेर डोकावतात. टोपलीच्या कडेने किती मुळं बाहेर आली आणि बुडातून किती, हे मोजलं की झालं. आडव्या रेषेपासून 50 अंशांपेक्षा जास्त खाली झुकलेली मुळं त्यांनी 'खोल' धरली. प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र नाही, जाळीची टोपली आणि मोजायचा संयम.

तुलनेसाठी दोन वाणं होती. एक आयआर-64. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेत तयार झालेलं हे वाण 1985 साली प्रसारित झालं आणि आशियाभर पसरलं. भारतातही ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. उत्पादन चांगलं, भात खायला चांगला, पण मुळं उथळ. दुसरं किनांदांग पातोंग, फिलिपाईन्समधलंच, कोरडवाहू डोंगरउतारावरचं जुनं पारंपरिक वाण. त्याची मुळं सरळ पाताळाकडे निघालेली.

दोघांचा संकर करून, पुढच्या पिढ्यांमधली खोल मुळांची रोपं आणि त्यांचा डीएनए ताडून बघत हा गट नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापर्यंत पोचला. त्याला नाव दिलं 'डीपर रूटिंग 1', थोडक्यात ड्रो-1. हे जनुक त्याच लेझी कुळातलं आहे.

आयआर-64 मध्ये या जनुकातलं एक अक्षर गायब होतं. एका अक्षराने एवढं काय होतं? पेशी जनुक वाचते ती तीन-तीन अक्षरांचे गट करून. समजा मजकूर असा आहे: कमळ मगर बदक गवत. यातला 'मगर'चा 'म' गाळा आणि पुन्हा तीन-तीनचे गट करा: कमळ गरब दकग वत. पहिल्या शब्दानंतर सगळा चुथडा. त्यात वाचता वाचता भलत्याच जागी 'इथे थांबा' असा अर्थ होणारा गट तयार झाला. आयआर-64 चं तसंच झालं. ड्रो-1 चं प्रथिन पूर्ण व्हायच्या आधीच तुटलं.

त्याचा परिणाम असा की मूळ गुरुत्वाकर्षण ओळखतं, पण हवं तेवढं वळत नाही. आडवं निघालेलं मूळ थोडं झुकतं आणि तसंच तिरकं पुढे जात राहतं. मुळांची संख्या घटलेली नाही, वरच्या वाढीतही फरक नाही. बदललाय तो फक्त कोन.

एवढी वर्षं हे कोणाच्या लक्षात का आलं नाही?

यात कोणाचा निष्काळजीपणा शोधायला जाऊ नये. हरितक्रांतीच्या काळात वाणं निवडली गेली ती उंची, दाणा, रोगप्रतिकार आणि तयार व्हायला लागणारे दिवस बघून. निवड झाली ती भरपूर खतपाण्याच्या शेतात. चिखलणी केलेल्या, पाणी साचवलेल्या खाचरात उथळ मुळांचं काही बिघडत नाही. पाणी वर आहे, खत वर आहे, हवाही वरच्या थरातच आहे. खोल जायची गरजच काय? आणि हजारो रोपांमधून निवड करताना प्रत्येकाची मुळं खणून बघणार कोण?

किंमत मोजावी लागली ती पावसाच्या भरवशावरच्या भाताला. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. रोवणी झाल्यावर पावसाने पंधरा-वीस दिवस खंड दिला की वरचा थर वाळतो. त्याच्या खाली ओल असते, पण मुळं तिथे पोचलेली नसतात.

उगा यांच्या गटाने मग किनांदांग पातोंगचं चांगलं ड्रो-1 आयआर-64 मध्ये आणलं. पुन्हा पुन्हा आयआर-64 शीच संकर करत, दर पिढीत ते जनुक आलंय का हे डीएनए तपासून बघत. यात प्रयोगशाळेत बाहेरून जनुक घुसवलेलं नाही, ही संकराचीच पद्धत आहे. तयार झालेलं वाण जवळजवळ पूर्ण आयआर-64, फक्त मुळं दुपटीहून जास्त खोल. सुरुवातीची दोन रोपं ती हीच.

कोलंबियात शेतात त्यांची परीक्षा झाली. पाणी पुरेसं होतं तेव्हा दोघांचं उत्पादन सारखंच आलं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण खोल मुळांसाठी रोपाने दाण्यातून कपात केलेली नव्हती. मध्यम दुष्काळात आयआर-64 चं उत्पादन मोठ्या प्रमाणात घसरलं, खोल मुळांचं वाण टिकून राहिलं. कडक दुष्काळात आयआर-64 ने जवळजवळ काहीच दिलं नाही. खोल मुळांच्या वाणालाही फटका बसला, पण त्याने दाणे दिले.

मग सगळीकडे खोल मुळंच लावायची का?

नाही. आणि 'दुष्काळावर मात करणारं जनुक सापडलं' असल्या हेडलाईन इथेच फसतात.

खाली ओलच नसेल तर खोल मुळं काय पिणार? वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या खाचरात नांगराच्या फाळाखाली एक कडक थर तयार होतो. मुळाचा कोन कितीही चांगला असला तरी त्या थरातून घुसायला कोन पुरत नाही, ताकद लागते, आणि ती वेगळ्या जनुकांची गोष्ट आहे.

कधी कधी तर नेमकं उलटं हवं असतं. उगा यांच्याच गटाने तोहोकू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांसोबत 2020 साली ड्रो-1 चं एक भावंड शोधून काढलं, क्यूसोर-1. इंडोनेशियातल्या एका पारंपरिक वाणात या जनुकाचं कार्य बंद पडलेलं आहे आणि त्यामुळे त्याची काही मुळं चक्क जमिनीच्या पृष्ठभागावर सरपटतात. दुष्काळात हे वाण लावणं म्हणजे आत्महत्याच. पण खाऱ्या, घट्ट बसलेल्या, पाणथळ जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. तिथे पृष्ठभागावरच्या मुळांचा फायदा झाला आणि त्या भाताने साध्या भातापेक्षा जास्त उत्पादन दिलं. एका शेतातलं 'बिघडलेलं' जनुक दुसऱ्या शेतात कामाचं ठरलं.

कोनाशिवायही मुळांचे प्रश्न आहेत. भारताला लागणाऱ्या स्फुरदाच्या खतासाठी आपण मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहोत. स्फुरद मातीत असला तरी तो मातीच्या कणांना धरून बसतो, पाण्याबरोबर वाहत मुळांपर्यंत येत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. कसालथ नावाचं भाताचं एक जुनं भारतीय वाण अशा स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही तग धरतं. त्यामागचं जनुक, पीस्टॉल-1, सिग्रिड ह्यूअर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली 'नेचर'मध्ये जाहीर केलं. रोप लहान असतानाच ते मुळांची वाढ जोमाने करून घेतं.

यातली गंमत ऐका. 2005 साली भाताचा संपूर्ण जनुकसंच जाहीर झाला तो निप्पोनबारे या जपानी वाणाचा. त्यात पीस्टॉल-1 नाहीच. एखादं अक्षर कमी वगैरे नाही, पूर्ण जनुकच नाही. म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ ज्या 'संपूर्ण' यादीत शोधत होते, त्या यादीत ते असणारच नव्हतं. ते होतं कुठे, तर शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या बियाण्यात. किनांदांग पातोंगचंही तेच. गावठी वाणं जपून ठेवा असं कोणी म्हटलं की आपल्याला ती भावनिक गोष्ट वाटते. इथे तिचा रोकडा हिशोब दिसतो.

माती पण बोलते

जनुक म्हणजे शिक्का मारलेला हुकूम, असा समज करून घेऊ नका. मुळाची एक बाजू पाण्याला आणि दुसरी कोरड्या हवेला लागली असेल, तर फांद्या पाण्याच्या बाजूलाच फुटतात. 2014 साली हे नीट दाखवलं गेलं. एकच मूळ, एकच जनुकसंच, पण ओल्या बाजूला रांगेने उपमुळं आणि कोरड्या बाजूला शुकशुकाट. फांदी फोडायचं यंत्र जनुकांचं, पण ते कुठल्या बाजूला चालू होईल हे पाणी ठरवतं. म्हणूनच एकाच बियाण्याची दोन रोपं दोन शेतांत वेगवेगळी मुळं घेऊन वाढतात, आणि म्हणूनच कुंडीत यशस्वी झालेलं जनुक शेतात नापास होऊ शकतं.

सध्याचं काम नेमकं इथेच चाललंय. ड्रो-1 आणि क्यूसोर-1 यांची वेगवेगळी रूपं एकत्र आणली तर अगदी उथळपासून अगदी खोलपर्यंत मधल्या सगळ्या कोनांची रोपं बनवता येतात. कुठल्या जमिनीला कुठला कोन लागतो, याची यादी मात्र अजून शेताशेतात जाऊन बनवावी लागेल. मोजायची अडचणही थोडी सुटलीय. आता भाताचं रोप कुंडीसकट सीटी स्कॅनच्या यंत्रात ठेवतात, दवाखान्यात माणसाला ठेवतात तसं, आणि मातीतली मुळं न उपटता संगणकाच्या पडद्यावर दिसतात. त्याच रोपाची पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी करता येते, कारण ते अजून जिवंत असतं.